आहेरांच्या घरचे कोरडे देव

१

स्वराज सापडलाच नाही, तर सर्वांत जास्त फायदा सुनील आहेरचा होणार होता. गंगापूर रोडचा बंगला, देवळ्याची कांदा साठवायची खळी, दिंडोरीकडची द्राक्षबाग, हे सगळं काका धनराज आणि चुलतभाऊ महेश यांच्यामागे सहा वर्षांच्या स्वराजकडे जायचं होतं. स्वराज नसेल तर आहेरांचं नाव लावणारा पुढचा माणूस सुनीलच. हिशेब इतका सोपा होता, की तो सुनीललासुद्धा जमला होता.

"ताई, आधीच सांगून टाकतो," सिग्नलला गाडी थांबवत तो म्हणाला, "मी काही केलेलं नाही."

"मी कुठं काय विचारलं?"

"विचारणारच ना. सकाळपासून सगळे माझ्याकडं असे बघतायत, जसं काही पोरगं माझ्या डिकीत आहे."

"आहे का?"

सुनील एवढा दचकला की हिरवा दिवा लागला तरी गाडी हलेना. मागच्या रिक्षावाल्यानं त्याच्या खानदानाची चौकशी केली, तेव्हा कुठं हलली.

आशा शेवाळे हसू दाबून बाहेर बघत राहिली. ती पोलीस नव्हती. स्थळांची चौकशी करणं हा तिचा धंदा. मुलाचा पगार खरा आहे का, मुलीचं आधी कुठं जुळलं होतं का, होणारी सासू मोलकरणीशी कशी बोलते, हे लग्नाआधी ज्यांना कळायला हवं असे, ते तिच्याकडे येत. आहेरांची सून वेदिका, तिचीही चौकशी आशानंच केली होती आणि मुलगी घराला पुरून उरेल, असं धनराजना सांगितलं होतं. माणूस दिसला की त्याला काय मिळणार आणि त्याचं काय जाणार, हे आशा मनात मांडून टाकी. सुनीलच्या बाबतीत मिळण्याची बाजू भरगच्च होती. पण एवढा भित्रा माणूस दुसऱ्याचं पोर पळवून वर गाडी चालवेल, हे तिला पटेना.

"नीट सांगा. सकाळी काय झालं?"

भागीबाई स्वराजला सांभाळायची. रोज कोपऱ्यापर्यंत नेऊन शाळेच्या व्हॅनमध्ये बसवायची. आजही दोघं नेहमीसारखे निघाले. पण व्हॅनवाल्याला घरच्या फोनवरून कुणीतरी कळवलं होतं, की स्वराज आज येणार नाही. मग वेदिकाच्या मोबाइलवर शाळेचा मेसेज आला, आपला पाल्य आज गैरहजर आहे. तिनं भागीबाईला फोन लावला, तर तो स्वयंपाकघरातच वाजला. मिक्सरच्या मागे ठेवलेला होता.

"भागीबाई हरसूलकडची," सुनील म्हणाला. "काकांनी लगेच माणसं धाडली तिकडं. पोलीस नको म्हणाले. मग वहिनीनं तुम्हाला आणायला सांगितलं."

"महेश?"

"द्राक्षाच्या कंटेनरमागं दुबईला. त्याला अजून सांगितलंच नाही."

नातू हरवला आणि आजोबा पोलीस नको म्हणतात, म्हणजे नातवाखेरीज आणखीही काहीतरी हातचं जाण्याची भीती आहे. आशानं एवढं टिपून ठेवलं.

बंगल्याच्या पायऱ्यांवरच वेदिकाचं ओरडणं ऐकू आलं. ती रडत नव्हती, भांडत होती. कुणाशी, ते बघून आशा उंबऱ्यातच थांबली.

२

देवघराच्या दारात धोंडाबाई उभ्या होत्या. धनराजची आई, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात म्हणून जिन्याची पायरी चढत नसत. पण आत्ता दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवून उभ्या होत्या. समोर वेदिका. तिच्या हातात पाण्यानं भरलेलं तांब्याचं घमेलं, आणि त्यातलं निम्मं पाणी तिच्याच साडीवर.

"आजी, माझं पोर हरवलंय! मी देव पाण्यात घालणार. तो घरी येईपर्यंत बाहेर काढणार नाही."

"हात लावू नको सांगते ना देवाला!"

"का? का नको?"

"भटजी येईल. तो घालेल."

वेदिकानं घमेलं तिथंच आदळलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आशा पाण्यातून जपून पाय टाकत तिच्यामागे गेली. घरावर संकट आलं तर आजी आधी देव पाण्यात घालते आणि मग बाकीच्यांना उठवते, असंच तिनं आजवर पाहिलं होतं. इथं घरातलं एकुलतं पोर बेपत्ता होतं आणि आजी देवांना कोरडं ठेवायला धडपडत होती.

"हा भटजी कोण?" तिनं विचारलं.

"पंचवटीतून येतो. हल्लीच सुरू झालाय, गेल्या आठवड्यापासून. आजींचे गुडघे दुखतात म्हणे. मी करते म्हटलं पूजा, तर नको. सासऱ्यांनी, नानांनी, निदान दिवा लावावा, तर तेही नको. स्वराज रोज घंटी वाजवायचा, त्यालासुद्धा आत जाऊ देत नाहीत. खोकला आहे म्हणतात."

"आहे का खोकला?"

"कुठला हो! परवा नव्या खळ्यात सत्यनारायण होता. पूजा पुढं ढकला म्हणून आजी हटून बसल्या. नाना ऐकेनात, कारण सगळ्या व्यापाऱ्यांना निमंत्रणं गेली होती. शेवटी आम्ही गेलो. आजी आल्या नाहीत आणि स्वराजलाही ठेवून घेतलं. वर सगळ्यांनी आणलेला प्रसाद गाईला घातला."

बोलता बोलता वेदिकानं ओट्यावरचा स्वराजचा डबा उघडला. आत पोळीचा रोल तसाच होता. तो नेलेलाच नव्हता. तिनं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"वेदिका, तू तरी पोलिसांना का बोलावलं नाहीस? सासऱ्यांच्या शब्दासाठी थांबणारी तू नाहीस. मी तुझी चौकशी केलेली आहे."

वेदिकानं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, स्वराज माझ्या पोटचा नाही."

३

"नानांनी आणला," ती सांगू लागली. "एका नर्सिंग होममधून. दोन किलोचासुद्धा नव्हता. आई बाळंतपणात गेली, पुढं-मागं कुणी नाही, म्हणाले. कागदावर आई म्हणून माझंच नाव लागलं. आजी, नाना, महेश आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक आहे. सुनीलभाऊजींनासुद्धा नाही. आता पोलीस आले, त्यांनी पोर शोधलं आणि कागद तपासले, तर ते मला परत देतील का? सांगा ना."

आशाला उत्तर ठाऊक होतं आणि ते देण्यासारखं नव्हतं. ती धनराजच्या खोलीकडे वळली.

धनराज आहेर खिडकीशी उभे होते. बाजारात नजरेनं कांद्याची प्रत ओळखणारा माणूस. पण आशाकडे मात्र ते बघत नव्हते.

"भागीनंच नेलंय. पैशासाठी. दुसरं काय?"

"पैसे मागायचे तर फोन लागतो, शेठ. ती तो मिक्सरमागं ठेवून गेली. तिला कामावर कुणी ठेवलं?"

"मायनं."

"आणि स्वराजची आई? ती खरंच गेली का?"

धनराजनी दार लोटून घेतलं. "वेदिकाला बोलू नका. जिवंत आहे. भागीची बहीण, तानुबाई. नवरा मंगळू आमच्या बागेत कामाला होता. पोर जन्मलं तेव्हा धुगधुगी तेवढी होती. मी गाडीत घालून नाशिकला आणलं, म्हणून जगलं. त्यांनी राजीखुशीनं दिलं."

"आणि ती मेली असं सुनेला सांगितलंत."

"मग काय सांगायचं होतं? रोज दारात येऊन बसली असती तर?"

तेवढ्यात फोन वाजला. हरसूलला गेलेल्या माणसाचा होता. धनराजनी तो स्पीकरवर टाकला.

"शेठ, भागी हिकडं आलीच नाय. तिच्या भनीच्या घराला बी कुलूप हाय. तानुबाई पहाटच्या गाडीनं नाशिकला गेली म्हणत्यात. आन् तो मंगळू, आपल्या बागेतला, काविळीनं गेला ना, तव्हापासून ती कुणाशी बोलतच नाय म्हणं."

"मंगळूचं दिवसकार्य आज आहे का हो?" आशानं मध्येच विचारलं.

"नाय बाई, ते कव्हाच झालं. भगत आला व्हता, पाचव्या दिशी भावकीला जेवण घातलं, मिटलं."

धनराज खुर्चीत बसले. "म्हणजे पोर न्यायलाच आली ती."

दार लोटलेलं होतं, लागलेलं नव्हतं. फटीत वेदिका उभी होती.

"कोण तानुबाई?" ती म्हणाली.

४

धनराजनी तोंड फिरवलं, तेव्हा आशानं सांगितलं. वेदिका भिंतीला टेकून खाली बसली. मग आशा बाहेर आली आणि देवघराच्या दाराशी पाट ओढून धोंडाबाईंच्या शेजारी बसली.

"आजी, स्वराज सकाळी काही खाऊन गेला का हो?"

"नाही गं, त्याला उपाशीच—" म्हातारी बोलून गेली आणि पदर तोंडावर धरला.

"उपाशीच न्यायचं होतं," आशानं वाक्य पुरं केलं. मागे वेदिका आणि धनराज येऊन उभे राहिले होते. ती त्यांच्याकडे वळली. "पोर हरवल्यावर आजींनी देव पाण्यात घातले नाहीत, कारण पोर कुठं आहे हे त्यांना माहीत होतं. हा झाला अर्धा भाग. पण मग वेदिकाला का घालू दिले नाहीत? देवाला शिवायचं नाही, पूजेला परका माणूस, प्रसाद गाईला. स्वराजला खोकला नव्हता, वेदिका. सुतक होतं."

"कुणाचं सुतक?"

"मंगळूचं. त्याच्या जन्मदात्या बापाचं."

वेदिकानं पदराचा बोळा मुठीत धरला.

"भागीबाई आणि तानुबाईनं आपापलं ठरवून नेलं असतं, तर पाचव्या दिवशी नेलं असतं. त्यांच्या घरचं सगळं तेव्हाच उरकलं. मग आज का? दहावा, कावळा, मुलाच्या हातचा पिंड, हे मोजणारं माणूस हरसूलचं नाही. ते आहेरांच्या गावचं, देवळ्याचं आहे. ते या घरात बसलंय आणि व्हॅनवाल्याला फोनही त्यांनीच केला. आजी, रामकुंडावर ना?"

धोंडाबाईंचे डोळे भरून आले. "दुपारच्या आत परत आणणार होती भागी. शाळा सुटायच्या आधी. ह्या मेल्या शाळेला काय गरज होती लगेच कळवायची?"

आशाला हसू आलं आणि वाईटही वाटलं. म्हातारीच्या काळी शाळेला पोरं येतात की नाही हे दिवाळीलाच कळायचं. त्या एका मेसेजनं सगळा बेत उघडा पडला होता.

वेदिका चप्पल न घालताच दाराकडे पळाली. सुनीलनं गाडी काढली. "मलाबी न्या," म्हणून धोंडाबाई उठल्या. गुडघ्यांची आठवण त्यांना बाहेरच्या पायऱ्यांपाशी झाली.

धनराज जागचे हलेनात.

"तुम्हीही चला, शेठ," आशा त्यांच्याजवळ जाऊन हळू म्हणाली. "मी मघाशी सगळं बोलले नाही. सुनेसमोर बोलणं बरं दिसलं नसतं."

धनराजनी तिच्याकडे बघितलं, आणि मुकाट्यानं काठी घेतली.

५

रामकुंडावर नेहमीसारखी गर्दी होती. पिंडांची पानं मांडलेली, कठड्यावर कावळे, आणि पुढच्या कुटुंबांची उभ्यानंच घाई. एका कोपऱ्यात छोट्या पंच्यात स्वराज बसला होता. डोक्याचा गुळगुळीत गोटा. शेजारी भागीबाई. आणि चार पायऱ्या वर, हात पोटाशी घट्ट धरून, एक काटकुळी बाई. ती पोराकडे बघत होती, जवळ जात नव्हती.

वेदिकानं गर्दी बाजूला सारत स्वराजला उचललंच.

"अहो बाई, थांबा! कावळा शिवायचाय अजून," गुरुजी ओरडले.

"मम्मा," स्वराज तिच्या कानात म्हणाला, "टक्कल केलं म्हणून शाळेत कुणाला सांगू नको हां. आणि मला भूक लागलीये."

भागीबाई रडायलाच लागली. "वहिनी, मोठ्या आई बोलल्या म्हनून आणलं. केसांचं इचारलं तर उवा झाल्या म्हनून सांग, बोलल्या. फोन बी त्याच बोलल्या घरी ठेव, न्हाय तर वहिनी फोन करून धाकानं परत बोलवतील."

वरच्या पायरीवरची बाई दोन पायऱ्या उतरली आणि तिथंच थांबली. "बाई, मी त्याला न्यायला नाय आले. जगला तर तुमचा, असं मीच बोलले व्हते. मी शब्द फिरवत नाय. मोठ्या आई बोलल्या, बापाला त्याच्या हातचं पाणी मिळंल. म्हनून आले. तुम्ही नका घाबरू."

वेदिकानं मान वर केली. इतकी वर्षं ज्या बाईला मेलेली समजून तिनं दर सर्वपित्रीला मनातल्या मनात हात जोडले होते, ती बाई तिलाच धीर देत होती. तिनं स्वराजला पुन्हा पाटावर बसवलं आणि स्वतः मागे बसली.

कावळा येईना. आसपासच्या पानांवर झडप घालत होते. मंगळूच्या पानाकडे बघतसुद्धा नव्हते. मग रीतीप्रमाणं बोलणी सुरू झाली. तानुबाई म्हणाली, पोर सुखात हाय, तू जा. भागीबाई म्हणाली, मी हाय त्याच्यापाशी. वेदिका म्हणाली, "मी त्याला काही कमी पडू देणार नाही." कावळे ढिम्म. गुरुजींनी घड्याळाकडे बघत दर्भ हातात घेतला. दर्भाचा कावळा करून शिववायचा आणि मोकळं व्हायचं.

"एवढ्यात नको, गुरुजी," आशा म्हणाली. तिनं धनराजना थोडं बाजूला घेतलं. "शेठ, सुतक एकट्या पोराला असतं, तर घरातल्या कुणीही दिवा लावला असता. वेदिकानं, तुम्ही, खुद्द आजींनी. त्यांनी तर अख्ख्या घराला देवापासून लांब ठेवलं. सत्यनारायण मोडायला निघाल्या. परका भटजी आणला. म्हणजे गेलेला माणूस अख्ख्या घराचा होता. तुम्ही तरुणपणी हरसूलच्या आठवडे बाजारात कांदा विकायला जायचात, हे मला लग्नाच्या वेळी तुमच्या घराचीही चौकशी केली तेव्हा कळलंच होतं. तेव्हा त्याचा उपयोग नव्हता."

धनराजनी आजूबाजूला बघितलं. "हळू बोला."

"मी हळूच बोलतेय. तुम्हाला मोठ्यानं बोलायचंय."

ऐकू कमी येणाऱ्या धोंडाबाईंना हे मात्र नेमकं ऐकू आलं. त्या सुनीलच्या खांद्याला धरून पुढं झाल्या आणि पिंडासमोर आपल्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, "मंगळू, तू मना नातू व्हता रे. मी बोलनू नही. जाय भाऊ, पानी पी."

सुनीलचं तोंड उघडंच राहिलं. तानुबाईला मात्र धक्का बसलेला दिसला नाही.

"त्याला ठाऊक व्हतं," ती धनराजकडे न बघता म्हणाली. "त्याच्या आईनं मरताना सांगितलं व्हतं. म्हनून तर पोसायला दिला. परक्याला दिला नसता."

हे ऐकून धनराजच्या हातातली काठी निसटली. त्यांनी ती उचलली नाही. ते पाटाजवळ गेले, खाली बसायला त्यांना वेळ लागला, आणि बाजूच्या चार कुटुंबांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मंगळू, मी तुझा बाप. बागेत तू मला शेठ म्हणायचास आणि मी ऐकून घ्यायचो."

कावळा आला. पानावरचा भात उचलून गेला. त्याला काय कळलं, तो जाणे. शेजारच्या मंडळींचे पिंड तेवढ्यात संपले होते, हेही आशानं पाहिलं होतं. पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

६

"म्हणजे ताई," पायऱ्या चढताना सुनीलनं हळूच गाठलं, "हिशेबानं बघितलं तर हा पोरगा महेशचा नाहीच."

"हिशेबानं बघितलं तर तो तुमच्या काकांच्या मुलाचा मुलगा. तुम्ही पुतणे. तुमच्यापेक्षा जवळचाच आहेर आहे तो, सुनीलभाऊ. गाडी काढा."

सुनील गेला. आशा वेदिकापाशी आली. "उद्याच्या उद्या वकील गाठ. खोट्या कागदावर आई होऊन राहू नकोस. खरं सांगून, तानुबाईच्या संमतीनं रीतसर दत्तक घे. नानांना त्रास होईल, होऊ दे. आज ती तुझ्या बाजूची आहे."

"आणि ती बदलली तर?"

"तर तो धोका तुझा. मी काय सांगणार?"

स्वराज केळं खात होता. अर्धं संपल्यावर त्याला प्रश्न सुचला. "मम्मा, ते काका कोण होते? ज्यांच्यासाठी टक्कल केलं ते?"

भागीबाईनं पंचा पिळायला घेतला. धनराज नदीकडे बघू लागले. लांबचे काका, एवढं म्हटलं असतं तरी पोर पुन्हा केळ्याकडे वळलं असतं, आणि वेदिकाचं काहीच गेलं नसतं. ती त्याच्यासमोर ओल्या पायरीवर बसली.

"ते तुझे बाबा होते. पहिले बाबा. आणि ही तानूआई. तू हिच्या पोटातून आलास."

स्वराजनं तानुबाईला नीट बघून घेतलं. "मग महेश पप्पा?"

"तेही बाबाच."

"आणि तू?"

वेदिकानं त्याच्या तोंडाला लागलेलं केळं पुसलं. तिच्याजवळ होतं नव्हतं ते आधीच्या वाक्यात देऊन झालं होतं. पोरानं स्वतःच थोडा विचार केला.

"डबा कोण देणार मग?"

"मी."

"रोज?"

"रोज."

एवढ्यावर त्याचं समाधान झालं. त्यानं केळ्याचं साल इकडंतिकडं बघून तानुबाईच्या हातात दिलं, आणि तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं.

धनराजनी तानुबाईला घरी चला म्हटलं. ती नको म्हणाली. गाडी हाय दुपारची, शेळ्या एकट्या हायत. वेदिकानं तिचा नंबर मागितला. तिच्याकडं फोन नव्हता. मग तिनं शेजारच्यांकडून भागीबाईच्या फोनवर बोलायचं ठरलं आणि महिन्यातून एकदा स्वराजला हरसूलला आणायचं ठरलं. ठरलं तेव्हा सगळेच मनापासून बोलत होते.

गाडीकडे जाता जाता आशानं मनात मांडणी केली. सुनीलचं गेलं ते मुळात त्याचं नव्हतंच. धोंडाबाईंचं ओझं उतरलं. लेक धनराज घरी जाऊन काय बोलेल याची त्यांना फिकीर नव्हती. धनराजनी चारचौघांत नाव दिलं, पण ज्याला द्यायचं तो घ्यायला राहिला नव्हता. दुबईत बसलेल्या महेशला संध्याकाळी फोन जाणार होता, भाऊ होता आणि गेला, दोन्ही एकाच दमात. वेदिका सकाळी एकटीच आई होती, आता नव्हती. हे तिनं स्वतःच्या तोंडानं केलं होतं. आणि तानुबाईनं तेच पोर दुसऱ्यांदा दिलं. पहिल्या वेळी ते मरायला टेकलं होतं. या वेळी ते चांगलं धडधाकट होतं, बोलत होतं, हसत होतं.

गाडी निघाली. स्वराजनं मागच्या काचेतून हात हलवला, पाहुण्यांना हलवतो तसा. तानुबाईला आधी कळलं नाही की तो आपल्यालाच आहे. कळल्यावर तिनं साल दुसऱ्या हातात घेतलं आणि हात वर केला. तोवर गाडी पंचवटीच्या गर्दीत वळली होती.